आय-९० संपतो तिथे मोटरहोम जातच नाही

झालं एकदाचं. सिअ‍ॅटल ते बोस्टन, आय-९० हा अमेरिकेचा महामार्ग धरून, साधारण ३,०२० मैल, आणि तेही मोटरहोममधून, म्हणजे स्वयंपाकघर-संडाससकट चाकांवरच्या घरातून. गाडी परत देऊन झाली, कपड्यांचे ढीग धुवून झाले, आणि आता जो तो विचारतोय की पोचल्यावर कसं वाटलं. खरं सांगू का, विशेष काहीच वाटलं नाही. माझ्या मते आमची ट्रिप मिसुरी नदीवरच संपली होती, तिथून पुढे आम्ही फक्त गाडी पोचवत होतो.

नवऱ्याला हे अजिबात पटत नाही. तो म्हणतो अर्धी अमेरिका बाकी होती तेव्हा. नकाशावर असेल हो, पण बघा ना, सिअ‍ॅटल सोडलं की तासाभरात स्नोक्वाल्मी पास, तो उतरला की एकदम कोरडा रखरखीत प्रदेश आणि खाली कोलंबिया नदी, मग आयडाहोचा चिंचोळा तुकडा, मग लुकआउट पास आणि त्यानंतर मोंटाना, जे संपतच नाही. ब्यूटजवळ होमस्टेक पासला रस्ता ६,३०० फुटांच्या वर जातो. घरासकट घाट चढायचा म्हणजे काय ते तिथे कळलं. चढताना इंजिन नुसतं ओरडतं, पण खरी परीक्षा उतरताना, कारण एवढं वजन नुसत्या ब्रेकवर धरायचं नसतं, ब्रेक तापतात, म्हणून टो-हॉल मोड (जड ओझ्यासाठीचं गिअरचं सेटिंग) लावून इंजिनलाच गाडी धरू द्यायची आणि मागच्यांना ओव्हरटेक करू द्यायचं. आणि हे सगळं चालू असताना मागे कपाटात ताटं वाजतायत, कुठला तरी ड्रॉवर नीट लॉक झालेला नसतो तो डाव्या वळणाला उघडतो आणि उजव्या वळणाला बंद होतो. पहिल्या दिवशी भीती वाटते, नंतर आवाजावरून कळतं की चमच्यांचा आहे का कपांचा.

मग साउथ डकोटा. बॅडलँड्स बघितले, 'वॉल ड्रग' नावाच्या दुकानाच्या त्या शेकडो मैल पाठलाग करणाऱ्या पाट्या वाचून वाचून शेवटी तिथे जाऊन फुकटचं बर्फाचं पाणीपण प्यायलो (न थांबणारा माणूस मला तरी भेटायचाय). आणि मग चेंबरलेन. तिथे मिसुरी ओलांडली की पूर्वेच्या काठावर उंचावर रेस्ट एरिया आहे, 'डिग्निटी' नावाचा ५० फुटी स्टीलचा पुतळा आहे, पाठीवर गोधडी पसरलेली बाई. तिच्या पायाशी उभं राहून मागे बघितलं तर तपकिरी उघडे डोंगर, पुढे बघितलं तर मका. मका म्हणजे किती, तर मिनेसोटा होईपर्यंत मका. मला तिथेच कळलं की संपलं आता, यापुढे झाडं, शेतं, शिकागोचं ट्रॅफिक आणि इलिनॉयपासून टोल.

माझी बाजू घ्यायला चक्क मॅसॅच्युसेट्स धावून आलं. तिथे बेकेट नावाच्या गावाजवळ आय-९० १,७२४ फुटांवर जातो आणि साउथ डकोटाच्या पूर्वेला या रस्त्यावर याहून उंच जागा नाही, तशी पाटीच लावलीय. याहून उंच जागा पाहिजे तर पश्चिमेला थेट ओअकोमा, १,७२९ फूट. ओअकोमा कुठे? चेंबरलेनच्या समोर, नदीपलीकडे! म्हणजे मधली सगळी राज्यं मिळून पाच फूट जिंकायला कमी पडली. मी नवऱ्याकडे नुसतं बघितलं. तो म्हणाला, रस्त्याकडे बघू दे मला.

पण त्याचंही एक बरोबर होतं, सगळ्यात सांभाळून चालवायचं ते शेवटीच. पूर्वेकडे जाताना चार टाइमझोन ओलांडता आणि तीन तास गायब होतात, त्यामुळे रोज वाटतं आज कमी अंतर झालं, आणि मग घोडं तबेल्याकडे निघाल्यासारखं होतं, अजून पन्नास मैल, अजून पन्नास मैल. माझं स्पष्ट मत आहे की शेवटचे दोन मुक्काम जवळजवळ ठेवावेत आणि अंधार पडायच्या आत लावावेत. मोटरहोमचा मागचा भाग चाकांच्या बराच मागे लोंबत असतो, वळताना तो उलट बाजूला फिरतो, आणि पेट्रोल पंपावरचे ते पिवळे खांब त्यासाठीच टपून बसलेले असतात. दमलेला माणूस पुढचं बघतो, मागचं विसरतो.

आणि शेवटच्या दिवसाचं मुख्य काम, जे कुठल्याही फोटोत नसतं, ते म्हणजे गाडीतल्या सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करणं. ब्लॅक टँक (संडासची) आधी, ग्रे टँक नंतर, म्हणजे भांड्या-आंघोळीचं पाणी जाता जाता पाइप धुऊन काढतं. हातमोजे घालायचे, पाइपचा आटा नीट बसलाय ना ते दोनदा बघायचं आणि मगच व्हॉल्व्ह ओढायचा. पॅनलवरच्या दिव्यांवर भरवसा ठेवू नका, आत सेन्सरला कागद चिकटला की रिकामी टाकीपण दोन तृतीयांश भरलेली दाखवते. आमच्या मागे लाइनीत उभे असलेले आजोबा उतरून आले, पाइपच्या पारदर्शक तुकड्याकडे बघत म्हणाले, अजून थोडं. बरोबर होतं त्यांचं. हे काम आदल्या संध्याकाळी कॅम्पग्राउंडवरच उरकावं, गाडी परत द्यायच्या सकाळी अजिबात नाही, तेव्हा सगळी गिऱ्हाइकं एकाच होलसाठी भांडत असतात.

आता शीर्षकाचं. आय-९० बोस्टनला नेमका संपतो कुठे, तर बंदराखालच्या टेड विल्यम्स बोगद्यातून पलीकडे निघून लोगन विमानतळापाशी, 1A रस्त्याला लागून. २००३ पासून तिथे. आणि बोस्टनच्या बोगद्यांमध्ये प्रोपेन गॅसच्या टाक्या असलेल्या गाड्यांना मनाई. म्हणजे मोटरहोमला मनाईच, कारण शेगडी, गीझर, हीटर सगळं प्रोपेनवर. मग नदीकाठच्या स्टॉरो ड्राइव्हने फिरून जाऊ म्हणाल, तर तिथे पूल जेमतेम दहा फुटांचे, दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या भाड्याच्या ट्रकचं छप्पर तिथे सोललं जातं, आणि आमच्या डॅशबोर्डवर मोठ्या अक्षरात स्टिकर, उंची १२ फूट. त्यामुळे गाडी शहराच्या बरीच अलीकडे परत केली. किल्ली दिली, त्यांनी जनरेटरचे तास लिहून घेतले, सही झाली, विषय संपला.

मला मात्र चैन पडेना. एवढं येऊन शेवटचे दोन-चार मैल राहिले म्हणजे काय! दुसऱ्या दिवशी साउथ स्टेशनला गेलो आणि सिल्व्हर लाइनची विमानतळाची बस पकडली, ती त्याच बोगद्यातून जाते. नवरा उभ्या उभ्या दांडा धरून, बस वळली की सवयीने मागचा आरसा शोधत. बोगदा सुरू झाला आणि दोन मिनिटांत संपला. टर्मिनलला उतरलो तर सगळे बॅगा घेऊन पळतायत आणि आम्ही दोघंच रिकाम्या हातांनी.

"झालं? आता तरी संपली म्हणशील?" तो म्हणाला.

"ती मिसुरीलाच संपली. हे आपलं रस्त्यासाठी," मी म्हटलं. "चल आता, इथून ब्लू लाइन मेट्रो घेतली की रिव्हिअर बीच, समुद्र न बघता परत जायचंय का?"