शुक्रवार पेठेच्या भिंतींवरची चित्रे

कोल्हापुरात गंगावेशीतून पंचगंगा घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आसपासच्या गल्ल्यांत अलीकडे भिंतींवर नवी चित्रे दिसू लागली आहेत. ती रंगवणारे इथलेच आहेत. काही कलामहाविद्यालयात शिकणारी मुले-मुली, तर काही पूर्वी दुकानांचे बोर्ड रंगवणारे आणि डिजिटल फ्लेक्स आल्यावर हातातले काम गेलेले पेंटर. या चित्रांना शहराच्या सुशोभीकरणाच्या खात्यात टाकून आपण मोकळे होऊ नये, कोल्हापूरच्या चित्रपरंपरेतच त्यांना जागा द्यावी, असे मला मनापासून वाटते.

माझ्या मते यातले सर्वांत कसदार चित्र दूधकट्ट्याचे आहे. गंगावेशीत रात्री म्हैस समोर उभी करून गिऱ्हाइकाच्या पेल्यात धार काढून देतात, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. चित्रात मात्र ना गिऱ्हाईक आहे ना गवळ्याचा चेहरा. भिंतभर म्हशीचे अंग, कास, दोन हात आणि फेसाने भरत आलेला पेला एवढेच आहे. म्हशीचा रंग निव्वळ काळा न ठेवता त्यात निळा आणि तपकिरी मिसळल्यामुळे कातडीवरचा दिव्याचा उजेड खरा वाटतो. पहिल्या रेखाटनात धार काढणाऱ्या हाताचा अंगठा चुकीचा पडला होता आणि जाता-येता पाहणाऱ्या एका गवळ्याने आपली मूठ वळवून दाखवल्यावर तो बदलला गेला, असे त्या गल्लीत सांगतात. ज्यांचे काम चित्रात आले आहे त्यांनीच ते तपासावे, यापेक्षा चांगली समीक्षा कोणती असणार?

कोल्हापुरात चित्र लोकांच्या डोळ्यांसमोर, दालनाबाहेर राहण्याची जुनी रीत आहे. चित्रकार आबालाल रहिमान यांनी रंकाळा आणि कोटितीर्थाचा परिसर रंगवला, ती चित्रे आज जपून ठेवावी लागतात. पण बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव यांनी नाटक मंडळ्यांसाठी रंगवलेले पडदे हजारो सामान्य प्रेक्षकांनी पाहिले. पुढे चित्रपटनिर्मितीत उतरल्यावर बाबूरावांनी आपल्या चित्रपटांची पोस्टरेही स्वतः रंगवली. शेवटच्या रांगेतल्या माणसाला पडद्यावरचा महाल खरा वाटला पाहिजे, ही त्या कामातली अट होती. मोटारसायकलवरून जाणाऱ्या माणसाला क्षणात उमगेल आणि पायी जाणाऱ्याला थांबवून ठेवील असे चित्र काढताना आजच्या मुलांनाही तीच अट सांभाळावी लागते. इथे बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरांचा अनुभव कामी आला. कागदावर सुरेख रेखाटणाऱ्या हाताचे प्रमाण पंधरा फुटी भिंतीवर सुटते. कारण परांचीवर उभे राहिल्यावर आपण काढलेली रेघ पुरती दिसतच नाही. लहान चित्रावर चौकटी आखायच्या, भिंतीवर रंगाची दोरी मारून तितक्याच संख्येने मोठ्या चौकटी पाडायच्या आणि मग एकेक चौकट उतरवून घ्यायची, ही पेंटरांची जुनी पद्धत मुलांनी त्यांच्याकडूनच उचलली.

या पेठेत भिंत रंगवायची म्हणजे नदीचाही विचार करावा लागतो. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाणी त्याच्या कितीतरी वर गेले आणि नदीलगतच्या वस्तीत घरांत शिरले. भिजलेल्या भिंतीतले क्षार पृष्ठभागावर येतात, लोणा लागतो आणि त्यावरचा रंग पापुद्र्यांनी सुटू लागतो. म्हणून तारेच्या ब्रशने भिंत घासणे, भेगा बुजवणे, ती पूर्ण वाळू देणे आणि मगच प्रायमर लावणे, या कंटाळवाण्या कामातच चित्राचे निम्मे आयुष्य ठरते. दूधकट्ट्याच्या चित्रात तळाचा भाग एकाच गेरूच्या रंगाचा ठेवला आहे, तो पुन्हा रंगवणे सोपे जाईल. शिवाय गेरू आणि पिवडीसारखे मातीचे रंग उन्हात लवकर विटत नाहीत. जुन्या वाड्यांच्या चुन्याच्या गिलाव्यावर मात्र आजचे प्लास्टिकसारखे साय धरणारे रंग देऊच नयेत. आतली ओल कोंडते आणि रंगाबरोबर गिलावाही निघून येतो. घडीव दगडी भिंतींना तर ब्रश लावायचे कारणच नाही.

सगळीच चित्रे या तोडीची नाहीत. मोबाइलवरून उतरवलेले मोर आणि कमळे कोणत्याही शहरात चालतील अशी आहेत. हात सफाईदार असला तरी त्यांत पेठ कुठेच दिसत नाही. उलट तालमीच्या बाजूच्या भिंतीवरचा फुटबॉलचा गोलरक्षक थोडा बेढब असूनही मला आवडतो, कारण त्याच्या मागे गच्चीवर दाटी करून बसलेली माणसे आपलीच आहेत.

एका गोष्टीचे मात्र वाईट वाटते. बहुतेक चित्रांखाली रंगवणाऱ्याचे नाव नाही आणि रंगाचा खर्च देणाऱ्याचे नाव ठळक आहे. ज्या शहराने ‘पेंटर’ ही उपाधी आडनावासारखी मानाने वापरली, तिथे हे शोभत नाही. मंडळांनी प्रत्येक चित्राखाली चित्रकाराचे नाव आणि वर्ष लिहून घ्यावे, वाढदिवसाचे फलक त्या भिंतींवर लावू देऊ नयेत आणि गणेशोत्सवाच्या वर्गणीतला थोडा वाटा दरवर्षी पावसाळ्यानंतरच्या डागडुजीसाठी बाजूला काढावा. ती डागडुजीही ज्यांनी चित्र काढले त्यांच्याकडूनच, योग्य मजुरी देऊन करून घ्यावी.