रंग नसलेली गाडी रंगवताना

खऱ्या डेलोरिअन गाडीला कारखान्यात रंग लावतच नसत. उत्तर आयर्लंडमध्ये, बेलफास्टजवळच्या डनमरीत १९८१-८२ च्या सुमारास या गाड्या बनल्या. सगळ्या मिळून जेमतेम नऊ हजारांच्या आसपास. बाहेरचा पत्रा म्हणजे निव्वळ स्टेनलेस स्टील, एकाच दिशेने घासून तसंच सोडलेलं. 'बॅक टू द फ्युचर' या सिनेमातली टाइम मशीन म्हणजे हीच गाडी. म्हणून तिचं प्लास्टिक मॉडेल करायला बसलं की पहिला प्रश्न हाच, की रंगवायचं नेमकं काय? चंदेरी रंग मारला तर ती चंदेरी रंगाची गाडी दिसते. स्टीलची दिसत नाही. या दोन्हींतलं अंतर भरून काढण्यात माझी बहुतेक मेहनत गेली. बाकीचं काम त्यामानाने मजेचं होतं.

किट आओशिमा या जपानी कंपनीचं, १/२४ मापाचं, पहिल्या भागातल्या गाडीचं. मावसभाऊ ऑफिसच्या कामाला जपानला गेला होता, त्याने बॅगेतून आणलं. खरी गाडी साधारण ४.२७ मीटर लांब, म्हणजे मॉडेल भरतं अठरा सेंटीमीटरच्या आतच. सूचनापत्रक जपानीत, पण चित्रं इतकी स्वच्छ की अडत नाही. फक्त सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या फ्रेमला जोडून येतात, तिच्यातून चाकं एकदम कापून ठेवू नका. डेलोरिअनची पुढची चाकं १४ इंची आणि मागची १५ इंची. या मापात तो फरक डोळ्याला चटकन कळत नाही आणि मग चारही चाकं ताटलीत एकत्र झाली की उजेडाकडे धरून बसायची वेळ येते.

सुरुवात हार्डवेअरच्या दुकानापासून. पॉलिश पेपर हवा होता, पाण्यात भिजवून घासायचा, हजार आणि दोन हजार नंबरचा.

"दोन हजार? कशाला लागतोय?" काकांनी विचारलं.

"गाडी घासायचीय."

"मग चार-पाच तरी घेऊन जा. एका शीटमध्ये बॉनेटसुद्धा होणार नाही."

माझं बॉनेट तळहाताएवढंही नव्हतं, पण मुकाट्याने घेतले. पुढे कामाला आले.

रंगाचे प्रयोग गाडीवर करायचे नाहीत हा या छंदातला पहिला नियम. वाढदिवसाच्या पार्टीतून उरलेले प्लास्टिकचे चमचे त्याला उत्तम. चमच्याची पाठ गाडीच्या पत्र्यासारखीच गोलसर असते, त्यामुळे उजेड कसा पडतो ते कळतं. तामिया कंपनीच्या लॅकर (भराभर वाळणाऱ्या) रंगांतले दोन घेतले होते: एलपी-११ सिल्व्हर आणि एलपी-३८ फ्लॅट ॲल्युमिनियम. सिल्व्हर फार झगझगीत निघाला, स्टील वाटण्याऐवजी लग्नातल्या वाजंत्रीवाल्याच्या ट्रम्पेटची आठवण झाली. फ्लॅट ॲल्युमिनियम थोडा मंद, किंचित राखाडी. खाली चकचकीत काळा दिला तर त्याला खोली येते, नुसत्या राखाडी प्रायमरवर तो सपाट बसतो. हे चमच्यांवर शेजारी शेजारी ठेवून बघितल्याशिवाय पटत नाही.

म्हणून ठरलं: प्रायमर, त्यावर दोन हजारचा हलका हात, मग एलपी-१ काळा, आणि वर फ्लॅट ॲल्युमिनियमचे अगदी पातळ थर. एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग उडवायचं पेन, साधारण १५ पीएसआय दाबावर. रंगाला लॅकर थिनर दीडपट. एका थरात झाकायचा प्रयत्न केला की धातूचे कण ओल्यात तरंगतात आणि डाग पडतात. धुक्यासारखा उडवायचा, वाळू द्यायचा, पुन्हा उडवायचा. आणि दारं वेगळी रंगवायची नाहीत. धातूचा रंग कोणत्या कोनातून उडवला त्यावर त्याची छटा बदलते, म्हणून मी दारं मागून मास्किंग टेपने चौकटीत बसवूनच रंगवली. साध्या लाल किंवा पांढऱ्या गाडीला एवढी काळजी लागत नाही.

आपल्याकडचा खरा शत्रू म्हणजे दमट हवा. लॅकरचा थिनर भराभर उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो, आणि हवेतली वाफ त्या ओल्या रंगावर बसते. काळ्यावर पांढुरकी साय धरल्यासारखं दिसतं. मुंबई-ठाण्याच्या बाजूला जुलैत लॅकर उडवणं म्हणजे संकटाला आवतण. हळू उडणारा रिटार्डर थिनर मिसळून काम होतं म्हणतात, पण मी सरळ दिवाळी होऊ दिली. तोवर आतलं काम उरकलं. अजून एक गोष्ट, कारण बरेच जण इथे हयगय करतात: करोनाच्या वेळचे एन-९५ मास्क धुळीला ठीक, पण थिनरच्या वाफेला त्यांचा उपयोग नाही. कोळशाच्या कार्ट्रिजचा मास्क लागतो, आणि खिडकी उघडी लागते.

ॲल्युमिनियम वाळला, बरा दिसला, पण अजून तो रंगच होता. खऱ्या पत्र्यावर घासल्याच्या बारीक रेघा असतात, आणि उजेड त्या रेघांवरून घसरतो. त्या रेघा हव्या होत्या. एक ६बी पेन्सिल घेतली, तिचं शिसं पॉलिश पेपरवर घासून पूड केली. आयशॅडो लावायचा छोटा स्पंज त्या पुडीत बुडवून, झटकून, एकेका पत्र्यावर एकाच दिशेने ओढला. कुठल्या भागावर कोणत्या दिशेने, ते खऱ्या गाडीच्या फोटोंवरून ठरवलं. मग त्यावरून भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरचा कोरा तुकडा, जवळजवळ वजन न देता, त्याच दिशेने. पहिल्या चार-पाच हातांत काहीच घडत नाही. नंतर दिवा तिरपा केला की एकदम लक्षात येतं, पत्रा झाला.

"अरे, नवीन स्क्रबर कोणी कापला?" आईचा आवाज आलाच. पण गंमत अशी की खऱ्या डेलोरिअनचे मालकही पत्र्यावरचे बारीक ओरखडे याच जातीच्या पॅडने, रेघांच्या दिशेत घासून घालवतात. रंग नसल्यामुळे टचअप हा प्रकारच नाही. पोचा मात्र आला की पंचाईत, कारण लांबी (पुट्टी) भरून वरून रंग मारायची सोय नाही.

मॉडेलवर शेवटी क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, मारायचा मोह होतो. मी नाही मारला. चमच्यावर बघितलं होतं, क्लिअरखाली धातूचा सगळा थंडपणा जातो आणि पुन्हा चंदेरी रंग उरतो. त्याची किंमत अशी की गाडी उघड्या बोटांनी धरता येत नाही, ठसे उमटतात. तीही तक्रार खऱ्या गाडीच्या मालकांची आहेच. पुढचं सगळं काम मी सुती हातमोजे घालून केलं. आणि पुढचा-मागचा बंपर? तो खऱ्या गाडीत लवचिक प्लास्टिकचा असतो आणि त्यावर करडा रंग दिलेला असतो. म्हणजे बाहेरून ठळकपणे रंगवलेला भाग तेवढाच. तिथे डोळे मिटून रंग मारला.

आता मजेचा भाग. पडद्यावरची टाइम मशीन रॉन कॉब आणि अँड्र्यू प्रोबर्ट यांच्या चित्रांवरून उभी राहिली. ती गॅरेजात, हाताला लागेल त्या सामानातून जोडल्यासारखी दिसायला हवी होती, आणि तशीच दिसते. मागच्या अणुभट्टीच्या बुडाशी तर चक्क डॉज पोलारा गाडीचं व्हील कव्हर आहे. किटमध्ये बाहेरच्या केबली प्लास्टिकमध्येच ओतलेल्या आहेत, पण त्या गुळगुळीत आणि निर्जीव. दिसतील तेवढ्या मी काढून टाकल्या. घरात जुन्या लँडलाइनची वायर पडून होती. तिच्या आतल्या निळ्या, केशरी, हिरव्या, तपकिरी तारा या मापात जाड केबली म्हणून छान शोभतात. बारीक केबलींना इअरफोनच्या आतले धागे, आणि जिथे वळण देऊन तसंच ठेवायचं तिथे सोल्डरची तार, कारण ती वाकवली की वाकलेलीच राहते. ०.५ मिलिमीटरच्या ड्रिलने भोकं पाडून टोकं आत खोचली. गोंद कमी, खोचणं जास्त, हे धोरण ठेवलं तर स्टीलच्या पत्र्यावर गोंदाचा धूर बसत नाही. सायनोॲक्रिलेट (फेविक्विकच्या जातीच्या) गोंदाची वाफ पांढरी होऊन चिकटते, आणि ती इथे कशानेच लपत नाही.

आत डॅशबोर्डवर टाइम सर्किटचे तीन पट्टे आहेत: लाल म्हणजे कुठे जायचं, हिरवा म्हणजे आत्ता, पिवळा म्हणजे मागच्या वेळी कुठून निघालो. त्यांचा डेकल, म्हणजे छापील चिकटचित्र, पाण्यात सोडून बसवला. आकडे एवढे बारीक की भिंग लावूनच वाचता येतात, तरी सरळ बसेपर्यंत चैन पडलं नाही. सीटच्या मागे फ्लक्स कपॅसिटर, म्हणजे सिनेमात कालप्रवास घडवणारं यंत्र, इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराच्या तीन नळ्या. त्यात एलईडी घालणारे पुष्कळ आहेत. मी नळ्यांना आतून पांढरा आणि वरून पातळ पारदर्शक पिवळा दिला. सेल बदलण्यासाठी गाडी उचलायची म्हणजे पुन्हा ठसे.

दारं वर उघडलेली ठेवली, नाहीतर आतलं कोणाला दिसणार? सिनेमातलं १९५५ मधलं ते शेतकरी कुटुंब या गाडीला परग्रहावरचं यान समजतं, त्यात या दारांचा मोठा वाटा आहे. शेजारचा इयत्ता चौथीतला अर्णव बराच वेळ वाकून बघत होता. म्हणाला, "काका, मस्त झालीय. आता रंग कधी देणार?" एवढी चांगली पावती मला कोणी दिली नव्हती.

काही जण शेवटी बेकिंग सोडा आणि मॅट वार्निश वापरून गाडीवर बर्फ चढवतात, कारण सिनेमात प्रवास करून आलेली गाडी गोठलेली असते. मला ते गणपतीच्या देखाव्यातल्या हिमालयाकडे झुकणारं वाटतं. शिवाय त्यात तर्काची अडचण आहे. पहिल्या चाचणीत गाडी ताशी ८८ मैलांवर अदृश्य होते तेव्हा 'आउटाटाइम' ही मागची नंबरप्लेट रस्त्यावर गरगरत मागेच राहते. म्हणजे प्लेट असेल तर बर्फ नको, बर्फ असेल तर प्लेट नको, आणि सिनेमाच्या शेवटी विजेच्या तारेला अडकवायचा तो हूक तर त्याहून नंतरचा. मला प्लेट हवी होती. म्हणून माझी गाडी मॉलच्या पार्किंगमध्ये पहिल्या फेरीला निघण्याआधीची आहे, कोरडी आणि हुकाशिवाय.