शाम व्हॅली, जुलै: नियोजनाची तिसरी नोंद

मार्ग पक्का झाला. लडाखमधली शाम व्हॅली: लिकीर, यांगथांग, हेमिस शुक्पाचन, तेमिसगाम. चार जण, तीन दिवसांची चाल, दोन रात्री टेंटमध्ये. मारखा व्हॅली यादीतून काढली. तिथली कोंगमारू ला (‘ला’ म्हणजे खिंड) ५,२०० मीटरच्या वर आहे आणि एकूण सात दिवसांत शरीर तेवढ्या उंचीला सरावत नाही. शामच्या वाटेवरची एकही खिंड ४,००० मीटरला पोचत नाही. इथल्या बहुतेक गावांपर्यंत गाडीरस्ता आल्यामुळे काही ट्रेकर या वाटेला नाकं मुरडतात. पहिल्यांदा लडाखला जाणाऱ्या गटासाठी मात्र तोच तिचा मोठा गुण आहे. कुणाला उंचीचा त्रास झालाच, तर गाडीने सिंधूकाठी खालत्सेपर्यंत, म्हणजे ३,००० मीटरच्या आसपास, त्याच दिवशी उतरता येतं.

सात दिवसांपैकी पहिले तीन लेहसाठी आहेत. पहिला दिवस पूर्ण आराम, दुसरा बाजारापुरता, तिसऱ्या दिवशी शांती स्तूपाच्या पायऱ्या सावकाश. विमानाने थेट ३,५०० मीटरवर उतरल्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ६५ टक्क्यांवर आलेला असतो. सह्याद्रीतला दमसास इथे कामाला येत नाही. उलट दमदार माणूसच पहिल्या दिवशी हुंदडतो आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसतो. विमान चुकलं तर चालीचा दिवस कापायचा, लेहमधला नाही. उंचीचा त्रास टाळण्यासाठी घेतात त्या ॲसिटाझोलामाइडची नेहमीची प्रतिबंधक मात्रा १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, उंचीवर जाण्याच्या आदल्या दिवसापासून. डॉक्टरांना विचारूनच घ्यायची, आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगायचं. बोटांना मुंग्या येणं हा औषधाचा परिणाम. चालताना तोल जाणं मात्र धोक्याचं: तिथे थांबायचं नाही, उतरायचं.

सगळ्यात जास्त वेळ पाण्याच्या हिशोबात गेला. लेहला वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस. घाम अंगावर दिसतच नाही, लगेच उडतो, त्यामुळे तहान उशिरा कळते. सकाळी निघताना प्रत्येकाकडे तीन लिटर, त्यातल्या एका लिटरमध्ये ओआरएसचं एक पाकीट. लिकीरहून फोबे ला ओलांडल्यावर सुमदोला ओढा लागतो, तिथे बाटल्या पुन्हा भरायच्या. पुढे चरात्से लावर सावली नाही, म्हणून सकाळी सहालाच निघायचं. चालीच्या तिसऱ्या दिवशी मेबताक ला चढताना आंग गावापर्यंत वाटेत पाणी मिळेल असं धरलेलं नाही.

ओढ्याचं पाणी बऱ्याचदा गढूळ असतं. ते थेट फिल्टरमध्ये घातलं की बारीक गाळाने फिल्टर तुंबतो. म्हणून आधी भांड्यात तुरटी फिरवायची, अर्धा तास निवळू द्यायचं, वरचं पाणी गाळायचं. क्लोरीनच्या गोळ्या राखीव म्हणून. गढूळ पाण्यात त्यांचा जोर कमी पडतो. पोकळ तंतूंचा फिल्टर एकदा भिजल्यावर गोठला तर आतून फुटतो आणि बाहेरून काही कळत नाही. जुलैत शामला तशी वेळ सहसा येत नाही, तरी रात्री तो स्लीपिंग बॅगेतच.

गॅस: स्क्रूचे २३० ग्रॅमचे दोन कॅनिस्टर, लेहमध्ये विकत घ्यायचे, कारण विमानात ते ना केबिनमध्ये चालतात ना चेक-इनमध्ये. वाऱ्यात एक लिटर पाण्याला १५ ग्रॅम धरले. चौघांना दिवसाला आठ लिटर उकळायचं, म्हणजे १२० ग्रॅम. अडीच दिवसांचे ३००, उरलेलं कुकरसाठी. या उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळतं; उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर शिजवली तरी कच्चट राहते. दोन लिटरचा ॲल्युमिनियमचा कुकर न्यायचा आणि तुरीऐवजी मसूरडाळ. ती चालता चालता डब्यात भिजत ठेवायची. भाजलेल्या रव्याचा उपमा, मेतकूट-भात, चिक्की, गूळपापडी हे ठरलं. थालिपीठाची भाजणी गाळली, तव्यावर गॅस फार जातो.

टेंटचा प्रश्न अजून सुटलेला नाही. पावसाळी ट्रेकचा जाळीदार टेंट दुपारच्या वाऱ्यात बारीक धुळीने भरतो, आणि चेन त्या धुळीनेच अडकते. आतला भाग कापडी असलेला टेंट भाड्याने शोधतो आहोत. जमीन मुरमाड, खुंट्या वाकतात. दोऱ्या दगडांना बांधायच्या, त्यासाठी तीन मिलिमीटरची दहा मीटर जादा दोरी घेतली. जागा गावकऱ्यांना विचारून, जे भाडं असेल ते देऊन. बार्लीच्या शेतात नाही, आणि कोरड्या नाल्याच्या पात्रात तर कधीच नाही. ऑगस्ट २०१० मधल्या ढगफुटीत लेह परिसरात काय झालं ते लक्षात ठेवा. उघड्या डोंगरांवर पाणी मुरत नाही, सरळ खाली येतं.

शेताला पाणी नेणाऱ्या पाटाला तिथे युरा म्हणतात. त्यात भांडी किंवा साबण नाही, खालच्या गावात तेच पाणी पितात. हेमिस शुक्पाचनचं नाव शुक्पा म्हणजे जुनिपरवरून आलं आहे. तिथली जुनिपरची राई पवित्र मानतात. आपल्या देवराईसारखीच, वाळकी फांदीसुद्धा उचलायची नाही. या कोरड्या हवेत टिश्यूपेपर वर्षानुवर्षं कुजत नाही. तो झिपच्या पिशवीत परत.

बाकी कामं: चौघांपैकी दोघांची सिमं प्रीपेड आहेत, बाहेरच्या राज्याचं प्रीपेड लडाखमध्ये चालत नाही, त्यामुळे पोस्टपेड करून घ्यायची. पॉवर बँक केबिन बॅगेत, काठ्या चेक-इनमध्ये. स्लीपिंग बॅग शून्य अंश कम्फर्टची, म्हणजे शून्य अंशातही ऊब देणारी, दोन मिळाल्या, दोन बाकी. तेमिसगामहून लेहला परतायची गाडी आधीच सांगून ठेवायची. दुपारी दोनला, म्हणजे तिथले जर्दाळू पिकले असतील तर घ्यायला वेळ राहील.