कपलरला बॉल कितीचा हवा?

अमेरिकेत बोटीचा, कॅम्परचा किंवा सामानाचा ट्रेलर गाडीमागे लावायचा तर हिच बॉल, म्हणजे गाडीच्या मागे बसवलेला धातूचा गोळा, बहुतेक वेळा तीनपैकी एका मापाचा लागतो: १ ७/८, २ किंवा २ ५/१६ इंच. अगदी जड ट्रेलरसाठी ३ इंची बॉलही मिळतो, पण घरगुती वापरात तो सहसा लागत नाही. माप ठरते ते ट्रेलरवरून. ट्रेलरच्या पुढच्या टोकाला बॉलवर बसणारी वाटी असते, तिला कपलर म्हणतात. कपलरच्या वरच्या बाजूला किंवा लॅचजवळ, म्हणजे तो बंद करणाऱ्या खिट्टीजवळ, ते ठोकलेले असते आणि तोच आकडा बॉलच्या माथ्यावर दिसला पाहिजे. रंगाखाली अक्षरे बुजली असतील तर तारेच्या ब्रशने घासा. बॉलवरचा शिक्का गेला असेल तर सर्वांत रुंद जागी कॅलिपर लावून व्यास मोजा. तो अनुक्रमे ४७.६, ५०.८ किंवा ५८.७ मिलिमीटर भरेल. टेपने अंदाज घेऊ नका, कारण पहिल्या दोन मापांत जेमतेम ३ मिलिमीटरचा फरक आहे.

बॉल मोठा असेल तर कपलर त्यावर पूर्ण बसत नाही आणि चूक तिथेच कळते. खरा धोका लहान बॉलचा. २ इंची कपलर १ ७/८ च्या बॉलवर ठेवला तर लॅच खाली येते, पिनही आरपार जाते, सगळे नीट लागल्यासारखे दिसते. पण कपलरच्या आतला जबडा बॉलच्या सर्वांत रुंद भागाच्या खाली आवळून बसायला हवा. लहान बॉलवर तिथे फट राहते. सपाट रस्त्यावर ट्रेलरचे वजनच कपलरला खाली दाबून ठेवते, म्हणून कितीतरी मैल काही होत नाही. मग मोठा खड्डा येतो, ट्रेलरची पुढची दांडी उसळते आणि कपलर बॉलवरून निघतो. गावाकडे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला पिन घातली की जोडणी झाली, तोच हिशेब इथे लावू नका. कपलरची पिन फक्त लॅच आपोआप उघडू नये म्हणून असते, ओढण्याचा भार तिच्यावर नसतो.

बऱ्याच कपलरना खालून एक नट असतो. त्याने जबड्याची पकड कमी-जास्त करता येते, पण ती योग्य मापाच्या बॉलसाठीच. लहान बॉल चालवून घ्यायला तो आवळत बसणे चूक आहे. बॉल बरोबर असूनही लॅच लागत नसेल तर ठोकाठोकी करू नका. गाडी किंचित मागे-पुढे घ्या. बहुतेक वेळा बॉल कपलरच्या खोबणीत पुरता गेलेला नसतो. आतली माती आणि जुने ग्रीसही बघा.

लॅच लावून पिन घातल्यावर गाडीचा हँडब्रेक ओढा आणि ट्रेलरच्या जॅकने पुढची दांडी वर उचला. गाडीची मागची बाजू दोनेक इंच वर आली पाहिजे. कपलर एकटाच वर निघाला तर तो लागलेलाच नव्हता. मला विचाराल तर ही एक तपासणी कधीही टाळू नये. त्यानंतर जॅकचा पाय जमिनीवरून पूर्ण वर घ्या आणि सेफ्टी चेन कपलरखालून एकमेकींना छेद देऊन अडकवा.

माप जुळले तरी बॉलवरचा दुसरा आकडाही वाचा, म्हणजे तो किती वजन ओढू शकतो. २ इंची बॉल ३,५०० पौंडांचा असू शकतो आणि त्याहून कितीतरी जास्त क्षमतेचाही. हिच (गाडीखाली मागे बसवलेली चौकट), बॉल माउंट (तिच्यात घालायची, बॉल बसवायची पट्टी), बॉल, कपलर आणि गाडी यांत ज्याची क्षमता सर्वांत कमी, तीच तुमची मर्यादा. मालासकट भरलेल्या ट्रेलरचे वजन तिच्या आत हवे.

बॉलचा दांडा, म्हणजे शँक, साधारणपणे ३/४, १ किंवा १ १/४ इंचाचा असतो. बॉल माउंटचे भोक त्याहून १/१६ इंचापेक्षा मोठे नको. मोठे असेल तर त्या मापाचे बुश, म्हणजे भोकात बसणारी कडी, घाला, नाहीतर बॉल हलत राहून नट सैल होतो. नट किती आवळायचा ते बॉलच्या पाकिटावर दिलेले असते. सर्वसाधारणपणे वरच्या क्रमाने १६०, २५० आणि ४५० फूट-पौंड. साध्या पान्याने हाताच्या अंदाजावर हे जमत नाही, टॉर्क रेंच, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा पाना, घ्या. आवळल्यावर लॉक वॉशर पूर्ण चपटा झालेला दिसला पाहिजे. बॉलवर सपाट चट्टे पडले असतील किंवा व्यास कमी भरत असेल तर तो बदला. झिजलेला बॉल म्हणजे कपलरसाठी लहान मापाचाच बॉल.