तुम्ही विचारलंत म्हणून: मन साफ असलं की नियम कशाला?

मी ख्रिस्ती आहे आणि नेमाने चर्चला जातो हे कळलं की ओळखीची माणसं, आणि आमच्यातली तरुण मुलंही, फिरून फिरून एकच विचारतात: ‘बाहेरचं काही माणसाला विटाळत नाही, असं येशूच म्हणालाय ना? मग मन साफ असलं की झालं. उपवास, शुक्रवारी मांस टाळणं, रविवारची चर्चमधली मिस्सा-उपासना, हे सगळं कशाला?’

वाक्य खरं आहे, बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायातलं. पण ते ज्या भांडणात आलंय ते भांडण बघा. यरुशलेमेहून आलेले परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारे यहुदी, आणि धर्मशास्त्राचे जाणकार शास्त्री त्याला विचारतात, तुझे शिष्य हात न धुता का जेवतात? प्रश्न स्वच्छतेचा नव्हता, वाडवडिलांपासून चालत आलेल्या सोवळ्याचा होता. येशू हातांचं बाजूला ठेवतो आणि ‘कुर्बान’चं काढतो. आपली चीजवस्तू कुर्बान, म्हणजे देवाला वाहिलेली, असं एकदा म्हटलं की तिच्यातून आईबापांसाठी काही करायची वाट बंद. म्हातारा बाप दारात उभा, आणि मुलगा सांगतोय, ‘दिलं असतं हो, पण आता ते देवाचं झालं.’ आईबापांचा मान राख ही दहा आज्ञांतली एक. ती मोडायला धर्माचाच नियम कामी आला. येशूचा राग मला इथे दिसतो. हात धुणाऱ्यांनी खुशाल धुवावेत. नियमाच्या आड लपून बापाला रिकाम्या हाती पाठवणं त्याला खपत नाही.

आता लपायचंच असेल तर ‘माझं मन साफ आहे’ ही जागाही काही वाईट नाही. हे वाक्य मी बहुतेक वेळा कुणाला तरी लागेल असं बोलून झाल्यावरच ऐकलंय. त्याच अध्यायात पुढे येशू मनातून काय काय बाहेर पडतं ते सांगतो: चोऱ्या, खून, व्यभिचार, लोभ, कपट, हेवा, गर्व. यादी आणखी लांब आहे. ‘जे अंतःकरणाचे शुद्ध ते धन्य’ हे येशूचं वचन आपण सवलतीसारखं वाचतो, पण त्यापेक्षा हात धुणं कितीतरी सोपं. धुतलेले हात चारचौघांना दिसतात. मनाचं ज्याचं त्यालाही धड कळत नाही. म्हणून बायबलमधल्या 51व्या स्तोत्रात शुद्ध हृदय देवाकडे मागितलंय. ते आपल्यापाशी आहे असा दावा तिथे नाही.

आमच्या इतिहासातही गमती आहेत. ‘दिदाखे’ ही अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळींची नियमावली. ती सांगते, ढोंगी लोक सोमवारी आणि गुरुवारी उपवास करतात, तुम्ही बुधवारी आणि शुक्रवारी करा. ढोंग टाळायला वार बदलला! उलट 1522 मध्ये झुरिचला फ्रोशाउअर नावाच्या मुद्रकाच्या घरी ईस्टरआधीच्या ऐन उपवासकाळात सॉसेज खाल्ले गेले. धर्मसुधारक त्स्विंग्ली तिथे हजर होता. त्याने स्वतः खाल्लं नाही, पण पुढे प्रवचनातून खाणाऱ्यांची बाजू घेतली. मला त्याचं म्हणणं पटतं. फक्त उपवास मोडणंही उपवासाइतकंच मिरवता येतं.

मी नियम पाळतो. पुदिना, शेप आणि जिऱ्याचासुद्धा दशांश देणाऱ्यांना येशूने झापलं, कारण न्याय, दया आणि विश्वास त्यांनी सोडून दिले होते. पण लगेच म्हणाला, हे करायचं होतं आणि तेही सोडायचं नव्हतं. जिरं मोजू नका, असं तो म्हणाला नाही.

शिवाय मनात नसतानाही नियम मला तिथे नेऊन बसवतो. मिस्सेत कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर घेण्याच्या, आधी शेजारच्याला शांती द्यायची, म्हणजे हात मिळवायचा असतो. डावीकडे हात पुढे होतो, उजवीकडे होतो. ज्याच्याशी अबोला आहे तो दोन बाक मागे बसलेला असतो आणि मान काही तिकडे वळत नाही. मन साफ आहे म्हणून घरीच राहिलो असतो तर मानेचं हे आखडणं कळलंही नसतं.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो, तू वेदीपाशी दान आणलंस आणि तिथे तुला आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव आणि आधी त्याच्याशी समेट कर. आठवतं ते वेदीपाशी आल्यावर. आणि तुझं मन साफ आहे का, हे तिथे विचारलेलंच नाही; प्रश्न भावाच्या मनाचा आहे. दान? ते परत येऊन द्यायचंच आहे.