नडगीवर बोट

"कुठं दुखतंय ते एका बोटानं दाखव," आमच्या डॉक्टर, मेजर मॅडम म्हणाल्या.

मी बोट ठेवलं. डाव्या नडगीच्या आतल्या कडेला, घोट्यापासून वीतभर वर. रुपयाच्या नाण्याएवढी जागा. त्यांनी बरोबर तिथं अंगठा दाबला आणि मी खाटेवरून जवळजवळ उठलेच.

"किती दिवस झाले?"

"चार, मॅम."

खोटं. अठरा झाले होते.

मी सोलापूरची, अशोक चौकाच्या बाजूची. अप्पा यंत्रमागावर. आधी चादरी, मग टॉवेल. आमच्या घरात फौजेत कुणीच नाही. कॉलेजात एनसीसी केली, सी सर्टिफिकेट मिळालं आणि स्पेशल एन्ट्रीतून अर्ज भरला. त्यात लेखी परीक्षा नसते, थेट एसएसबी, म्हणजे फौजेच्या निवड मंडळाची मुलाखत. पण मुलींच्या जागा बोटांवर मोजण्याइतक्याच. एसएसबी झाली, मेडिकल झालं, मेरिट लिस्टमध्ये नाव आलं आणि ऑक्टोबरात चेन्नईच्या ओटीएत, म्हणजे अधिकारी घडवणाऱ्या अकादमीत, दाखल झाले. ४९ आठवड्यांचं ट्रेनिंग, मग खांद्यावर लेफ्टनंटचे दोन तारे. त्यातल्या नवव्या आठवड्यात नडगीनं घोळ घातला.

लपवलं का, हे खरं सांगायचं तर मला कुणीही लपवायला सांगितलं नव्हतं. रोज सकाळी एमआय रूमला, म्हणजे अकादमीच्या दवाखान्यात, जाता येतं, सिक रिपोर्टमध्ये नाव लिहिलं की झालं. पण तिथं नाव लिहिणं म्हणजे कच खाणं असं मीच मनाशी धरलं होतं. मालिंगरर, म्हणजे आजाराचं सोंग घेणारा, हा शब्द कॅडेटांमध्ये फार स्वस्त असतो आणि तो आपल्याला चिकटेल याची मला पाय मोडण्यापेक्षा जास्त भीती वाटत होती. शिवाय रूममेट म्हणाली, "शिन स्प्लिंट आहे गं, सगळ्यांनाच होतं." तेही खोटं नव्हतं. फरक एवढाच की शिन स्प्लिंटमध्ये नडगीभर लांबलचक दुखतं आणि अंग तापलं की बरेचदा कमी होतं. माझं एका टिपक्यावर दुखायचं, पळताना वाढत जायचं आणि शेवटी शेवटी रात्री झोपेतही ठणकायचं. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं का, शंकाच आहे. क्रेप बँडेज गुंडाळायचं, वर मोजा, वर बूट. दुखणं कमी करायची गोळी खायची की चालली पळायला. गोळीनं दुखणं झाकलं जातं, हाड काही जुळत नाही.

पकडलं ते ड्रिल शिकवणाऱ्या उस्तादांनी. टाच आपटताना उजवा पाय धाडकन वाजायचा आणि डावा नुसता टेकायचा. त्यांनी मला रांगेतून बाहेर काढलं. वाटलं, आता शिक्षेचा रगडा मिळणार. ते हळूच म्हणाले, "मॅडम, आपका एक पैर झूठ बोल रहा है. एमआय रूम जाइए."

पहिला एक्स-रे साफ आला. मला इतका आनंद झाला की मी बूट परत घालायलाही लागले. मेजर मॅडमनी थांबवलं. सततच्या ताणानं पडणारं बारीक फ्रॅक्चर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बरेचदा दिसतच नाही म्हणे. एमआरआय झाला. पडद्यावर हाडाच्या आत पांढरट ढग आणि त्यात केसासारखी एक रेघ. टिबियाचं, म्हणजे नडगीच्या हाडाचं, स्ट्रेस फ्रॅक्चर.

पडले नाही, धडपडले नाही, मग हाड मोडलं कसं? मॅडमनी समजावलं ते असं. ताण पडला की शरीर जुनं हाड खरवडून काढतं आणि तिथं नवं, जास्त मजबूत भरतं. खरवडणं काही आठवड्यांत होतं, भरायला मात्र महिने लागतात. मधल्या काळात हाड पोकळ पडलेलं असतं आणि नेमकं तेव्हाच आपण पाठीवर पॅक घेऊन पळत असतो. मी घरी असताना पार्क स्टेडियमवर हलके बूट घालून तीन-चार किलोमीटर पळायचे. तिथून एकदम दिवसभर बूट, ड्रिल, दौड.

मग त्यांनी दोन प्रश्न विचारले. जेवतेस किती? आणि पाळी कधी आली होती?

दोन महिने आली नव्हती. खरं सांगते, मला बरंच वाटलं होतं, एक कटकट कमी. मेसमध्ये घाईघाईत चार घास पोटात जायचे आणि दिवसभर त्याच्या दुप्पट जळत होतं. अन्न एवढं कमी पडलं की शरीर आधी पाळी थांबवतं, इस्ट्रोजेन घटतं आणि त्याचा फटका हाडांना बसतो. मुली हे डॉक्टरांना सांगत नाहीत. मीही सांगितलं नसतं.

रक्तात ड जीवनसत्त्व निघालं मिलिलीटरमागे ११ नॅनोग्रॅम. २० च्या खाली म्हणजे कमतरता. सोलापूरच्या पोरीला उन्हाची कमतरता! आईला फोनवर सांगितलं तर तिचा विश्वासच बसेना. पण आठवा, आम्ही पोरी स्कूटीवर कशा निघतो. डोळे सोडून सगळं स्कार्फमध्ये, हातात कोपरापर्यंत मोजे. ऊन गावाला मिळतं, आम्हाला नाही. साठ हजार युनिटची गोळी आठवड्याला एक, आठ आठवडे.

लष्करी रुग्णालयातली नर्सिंग ऑफिसर आंध्रची होती. तमिळ मला ओ की ठो येत नाही, पण आमच्या गल्लीत निम्मी घरं तेलुगू, विड्या वळणाऱ्या मावश्यांच्या ओट्यावरच मी वाढले. "इक्कड नोप्पि," इथं दुखतंय, म्हटल्यावर ती हसायलाच लागली. त्या दिवसापासून मला दुधाचा एक ग्लास जास्त मिळायचा.

खरा धक्का बसला तो रिलीगेशनचा. ठरावीक दिवसांपेक्षा जास्त ट्रेनिंग बुडालं की कॅडेट मागच्या कोर्समध्ये जातो. म्हणजे सहा महिने जास्त आणि सीनिऑरिटीही सहा महिन्यांनी मागे. ते कळलं त्या रात्री मी पहिल्यांदा रडले. पायासाठी नाही. आणि त्याहून मोठी भीती होती ती बोर्ड आउटची, म्हणजे मेडिकल बोर्डानं अनफिट ठरवून घरी पाठवण्याची. कमिशन मिळेपर्यंत आपण अधिकारी नसतो, त्यामुळे ट्रेनिंगमध्ये कायमचं अपंगत्व येऊन घरी गेलेल्या कॅडेटला माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही. सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट २०२५ मध्ये हा विषय स्वतःहून हाती घेतला आणि त्याच महिन्यात अशा कॅडेटांना ईसीएचएसचे, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे, उपचार खुले झाले. मी खाटेवर होते तेव्हा यातलं काही नव्हतं. माझं फ्रॅक्चर साधं आहे, मांडीच्या हाडाच्या मानेत असतं तर ऑपरेशनपर्यंत गेलं असतं, असं मॅडमनी दोनदा सांगितलं तेव्हा कुठं झोप लागली.

सिक लीव्हवर सोलापूरला आले ती कुबड्या घेऊनच. निघताना सगळे कागद एका फाइलीत लावले: एमआरआयची फिल्म, डिस्चार्ज स्लिप, रजेचा कागद, गोळ्यांची यादी. सोलापुरात लष्करी रुग्णालय नाही, काही झालं तर पुणं, अडीचशे किलोमीटर. म्हणून फाइल उशाशी.

घरी प्रत्येकाकडे इलाज होता. कुणी हाडवैद्य सुचवला, कुणी तेल. आईनं कुणाचंच ऐकलं नाही. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दूध, तिळाचे लाडू. ताटापुढून हलूच द्यायची नाही. नळाला पाणी पाच दिवसांनी यायचं, अख्खी गल्ली घागरी घेऊन पळायची आणि मी ओट्यावर बसून. धाकटी म्हणायची, "अक्का, देशाचं रक्षण राहू दे, बादली तरी सरकव की."

अप्पा आठ दिवस काही बोलले नाहीत. मग एकदा जेवताना म्हणाले, "धागा तुटला की माग बंद करायचा असतो, बाळ. तू चालू ठेवलास." तेवढंच. मी ताटातच बघत राहिले.

संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा. शेजारचे काका नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतली उंच जड काठी, धरतात. बाराबंदीचा पांढरा अंगरखा घालून निघताना माझ्या कुबड्या बघून थांबले. म्हणाले, "आम्ही पण एकदम उचलत नाही. सराव किती आधी सुरू होतो, बघतेस की दरवर्षी." बघत होतेच, लहानपणापासून. होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम त्या वर्षी मी गच्चीवरून पाहिलं.

फेब्रुवारीत परतले. आधी न दुखता चालणं, मग पोहणं, सायकल. मग एक मिनिट पळणं, चार मिनिटं चालणं. आठवड्याला थोडं वाढवायचं, दुखलं की एक पायरी मागं. इतकं कंटाळवाणं काम मी आयुष्यात केलं नाही. पाळी मार्चमध्ये आली, ते मी मॅडमना आपणहून सांगायला गेले. एप्रिलमध्ये नवा कोर्स आला आणि मी पुन्हा पहिल्या दिवसापासून.

सप्टेंबरात माझा जुना कोर्स अकादमीच्या परमेश्वरन ड्रिल स्क्वेअरवरून अंतिम पग, म्हणजे कॅडेट म्हणून शेवटचं पाऊल, ओलांडून गेला. मी बाजूला उभी होते. रूममेटच्या खांद्यावर तिच्या आईबाबांनी तारे लावले आणि ती तशीच धावत येऊन मला भेटली. माझे तारे पुढच्या मार्चमध्ये लागले. अप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि माग थांबवून दोन दिवसांची मजुरी बुडवली होती.

नडगीवर त्या जागी आता बारीक उंचवटा लागतो, शेंगदाण्याएवढा. रूममेट फोनवर अजून "ए सोलापूर" म्हणूनच हाक मारते. पण युनिटमध्ये समोर आली तर सॅल्यूट मलाच आधी ठोकावा लागणार, आणि वर "गुड मॉर्निंग, मॅम" म्हणावं लागणार. ती त्या दिवसाची वाट बघतेय.