वकिलाविरुद्ध तक्रार करताना निकाल बाजूला ठेवा, कागद पुढे करा

वकिलाने आपल्याला बुडवलं असं वाटणारा माणूस पहिल्यांदा ग्राहक मंचाचं नाव काढतो. तो रस्ता आता बंद आहे. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे 2024 मध्ये दिला. वकिलाच्या सनदेवर, म्हणजे वकिली करण्याच्या परवान्यावर, कारवाई हवी असेल तर जावं लागतं महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे, मुंबईत फोर्टमध्ये. तिथे खरी तक्रारसुद्धा मांडणी चुकल्यामुळे पडते, आणि ते टाळता येतं.

कौन्सिल वर्तन तपासते, निकाल नाही. युक्तिवाद कमी पडला, साक्षीदार उलटला, हे गैरवर्तन नव्हे. अशिलाचे पैसे अडकवून ठेवणं, न कळवता तारखांना गैरहजर राहणं, न विचारता कन्सेंट टर्म्सवर (तडजोडीच्या अटींवर) सही करणं, एका पक्षाला सल्ला देऊन त्याच वादात दुसऱ्याचं वकीलपत्र घेणं, हे गैरवर्तन. 'जिंकलो तर इतके टक्के' अशी फी ठरवायलाही वकिलाला मनाई आहे. रिडेव्हलपमेंटच्या दाव्यांत हे अनेकांना माहीतच नसतं.

समोरच्या पक्षाच्या वकिलावर राग काढणाऱ्यांनी आधी थांबावं. वकील आणि तक्रारदार यांच्यात व्यावसायिक नातं नसेल तर साधारणपणे अशी तक्रार चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2025 मध्ये मुंबईतून गेलेल्या प्रकरणातच सांगितलं.

आता पुरावा. 'वकील कधी यायचेच नाहीत' हे वाक्य एकट्याने काही सिद्ध करत नाही, रोजनामा, म्हणजे कोर्टाची तारीखवार नोंद, करतो. नकलेचा अर्ज देऊन प्रमाणित प्रत घ्या. त्यात प्रत्येक तारखेला कोण हजर होतं, कोणी मुदत मागितली, दावा गैरहजेरीत कधी निकाली निघाला, हे कोर्टानेच नोंदवलेलं असतं. रोजनाम्यातली तारीख आणि त्याच दिवशी वकिलाने पाठवलेला 'आज पुढची तारीख पडली' हा मेसेज शेजारी ठेवला की तक्रार उभी राहते. व्हॉट्सॲपच्या प्रिंटसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडा.

पैशांच्या तक्रारी सर्वांत जास्त अडतात, कारण रोख दिलेले असतात. मिळालेली रक्कम फी म्हणून की खर्चासाठी, याची नोंद ठेवणं आणि मागितल्यास हिशेबाची प्रत देणं वकिलावर बंधनकारक आहे. म्हणून आधी हिशेब लेखी मागा, स्पीड पोस्टाने. उत्तर आलं नाही तर ती पोचपावतीही पुरावाच. फी थकली म्हणून फाइल अडवून ठेवता येत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली आर. डी. सक्सेना प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

तक्रार मराठीत चालते. सही आणि सत्यापन (मजकूर खरा असल्याचं लेखी कथन) हवं, ठरलेलं शुल्क हवं, वकिलाचा सनद क्रमांक हवा. तो वकीलपत्रावर 'एमएएच' या अक्षरांनी सुरू होतो. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर प्रकरण तीन सदस्यांच्या शिस्तपालन समितीकडे जातं. समितीला साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार असतात. तुमची उलटतपासणी होणार, हे धरूनच चला. एक वर्षात निकाल लागला नाही तर प्रकरण दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होतं.

शिक्षा तीन: ताकीद, ठरावीक काळासाठी निलंबन, किंवा वकिलांच्या नामावलीतून नाव काढणं. आदेश मान्य नसेल तर 60 दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील, आणि तिथून पुन्हा 60 दिवसांत सर्वोच्च न्यायालयात.

मधेच वकील पैसे परत करून 'तक्रार मागे घ्या' म्हणतो. घेतलीत तरी केवळ तेवढ्यावरून प्रकरण बंद होत नाही, नियमात तसं स्पष्ट लिहिलं आहे. आणि मला हे योग्यच वाटतं. नाहीतर ज्याच्याकडे परत करायला पैसे आहेत त्याची सनद कायम सुरक्षित राहिली असती.

तुमची नुकसानभरपाई मात्र समिती देत नाही. त्यासाठी दिवाणी दावा वेगळा, त्याची मुदत साधारण 3 वर्षं, आणि कौन्सिलकडे तक्रार चालू आहे म्हणून ती थांबत नाही. दोन्ही कामं एकाच वेळी सुरू करा.